चोपदाराचे काम



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा धोंड्याचा महिना चालू असेल. घरोघर जावयांना बोलावणी गेली असतील, अनारशांचे पीठ मुरत असेल. यंदा ज्येष्ठ दोन आले, म्हणून पालख्यांचे प्रस्थान जुलैत गेले आणि आषाढी एकादशी २५ जुलैला आली. गेल्या वर्षी ती ६ जुलैला होती. शेतकरी वारकऱ्याची यात सोयच आहे; पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून निश्चिंत मनाने निघता येईल. माझी मात्र थोडी ओढाताण होणार आहे, आणि त्या ओढाताणीबद्दलच चार शब्द तुमच्याशी बोलायचे आहेत.

माझा व्यवसाय प्रसिद्धीचा आहे. शास्त्रीय संगीताच्या मैफली, महोत्सव, दिवाळी पहाट, अभंगवाणीचे कार्यक्रम यांची माहिती वर्तमानपत्रांना द्यायची, पत्रिका आणि फलक तयार करून घ्यायचे, कलाकारांच्या मुलाखती ठरवायच्या, आणि अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या लहान लहान चित्रफितीही करून घ्यायच्या. थोडक्यात, नावे मोठी करायची. माळकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईने हा धंदा कसा धरला, असे काही जण विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. गाणे आवडत होते, गळा नव्हता.

आमच्या धंद्याचे वर्ष तुमच्या-आमच्या वारीच्या वर्षाशी गमतीदार रीतीने जुळते. एप्रिल संपला की मोठ्या मैफली थंडावतात. गायक-वादक परदेशी जातात. अमेरिका, इंग्लंड इथल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम याच दिवसांत असतात. इथे उरलेले आम्ही पुढच्या हंगामाची कागदपत्रे जुळवतो. कोणाचा फोटो जुना झाला, कोणाला यंदा कोणता पुरस्कार मिळाला, कोणते नाट्यगृह कोणत्या तारखेला मोकळे आहे. मग गणपतीतले कार्यक्रम येतात, त्यामागून दिवाळी पहाट, आणि कार्तिकी झाली की खरा हंगाम. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला. त्याच्या मागेपुढे गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत गाण्याची रीघ लागते. म्हणजे आषाढीला देव झोपतो तेव्हा आमची तयारी सुरू, आणि कार्तिकीला देव उठतो तेव्हा आमचे फलक लागतात. एरवी हे छान जमते. पण आषाढी जुलैच्या अखेरीस सरकली की हंगामाची माहितीपत्रके छपाईला देण्याचा आठवडा नेमका वाटचालीत येतो. आयोजकांना तिथी कळत नाही, तारीख कळते.

म्हणून यंदा उन्हाळ्यातच सगळे लिहून ठेवायचे असे ठरवले आहे. ख्याल, ठुमरी, सतार, सरोद, बासरी यांचे काम प्रस्थानाच्या आत हातावेगळे होईल. त्यात अडचण नाही. अडचण अभंगांच्या कार्यक्रमांची आहे. यंदाच्या हंगामात तसे तीन कार्यक्रम माझ्याकडे आहेत आणि त्यांचा मजकूर मी मुद्दाम मागे ठेवला आहे.

अभंग मैफलीत आला त्याचे मला वावडे नाही, हे आधी सांगते. आपल्यातले काही जण नाक मुरडतात. फडावरची चाल सोडून बुवा रागात शिरले, असे म्हणतात. पण राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चालींतून भीमसेनजींनी तुकोबाराय आणि नामदेवराय घरोघर पोचवले, कुमार गंधर्वांनी तुकोबारायांवर अख्खा कार्यक्रम उभा केला, गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या अभिषेकीबुवांनी अभंगाला स्वतःचा रंग दिला. शहरातली कितीतरी माणसे त्या आवाजांच्या मागोमाग चालत आळंदीला आली आहेत. माझ्या शेजारच्या बिऱ्हाडातला एक मुलगा तसाच आला. आता तो दरवर्षी पुणे ते सासवड चालतो; सगळ्यात लांबचा टप्पा, वर दिवेघाट. तो काही रिकाम्या हातांनी परत येत नसेल.

अडचण मजकुराची आहे. ख्यालाच्या मैफलीत गायकाचे नाव मोठे छापले तर कोणाचे काही बिघडत नाही. अभंगाच्या आत मात्र आधीच एक नाव आहे. शेवटच्या चरणात संत आपली मुद्रा ठेवून गेले आहेत. आता कोणतेही जुने फलक आठवून पाहा. वर गायकाचा हात उंचावलेला फोटो, खाली स्वरांशी संबंधित एखादी पदवी, त्याखाली ‘भक्तिगीते’ असा एक मोघम शब्द. गीते कोणाची, ते कुठेच नाही. जणू ती त्या सायंकाळी आपोआप उगवली.

किशोरीताई आमोणकरांनी गायिलेला सोयराबाईंचा एक अभंग महाराष्ट्रात न ऐकलेला माणूस विरळा. भैरवीच्या वेळी श्रोते त्याची फर्माईश करतात. त्यांतल्या किती जणांना तो सोयराबाईंचा आहे हे ठाऊक असते? ‘किशोरीताईंचे ते भजन’ म्हणतात. किशोरीताईंचा त्यात काही दोष नाही, त्यांनी तो प्राण ओतून गायिला. पण सोयराबाईंनी त्याच्या शेवटी स्वतःला चोखोबांची म्हणवून घेतले आहे आणि आपली जातही तिथे लपवलेली नाही. ज्या काळी त्यांना राउळात पाऊल टाकता येत नव्हते, त्या काळी आपण कोण हे त्यांनी अभंगात सांगून ठेवले. ती खूण वगळली की उरते ते नुसते गोड गाणे.

आणि ती वगळली जाते, रोज. मोबाईलवरची चित्रफीत दीड मिनिटाची हवी असते. संकलन करणारा मुलगा हुशार असतो. तो सुरुवातीचा आलाप घेतो, मधली एक जोरकस तान घेतो, टाळ्या घेतो. मुद्रेचा चरण शेवटी येतो, तोवर दीड मिनिट संपलेले असते. यंदा मी सांगून ठेवले आहे की आमच्याकडून बाहेर जाणारी अभंगाची प्रत्येक चित्रफीत मुद्रेच्या चरणापासून मागे मोजायची. शेवट आधी ठेवायचा, मग जागा उरेल तितके अलीकडचे घ्यायचे. तो मुलगा म्हणाला, “मॅडम, मग चढती तान जाईल.” जाऊ दे. तान ऐकायला लोक तिकीट काढून येतीलच, त्यासाठीच तर कार्यक्रम आहे.

दुसरा प्रश्न फोटोचा. अभंगाचा कार्यक्रम म्हटला की आयोजकांना फलकाच्या मागे वारी हवी असते. “ताई, एखादी आजी टाका ना, डोळ्यांत पाणी असलेली,” असे मला एका संस्थेच्या चिटणीसांनी अगदी निरागसपणे सांगितले. वारीत कॅमेरे खूप झाले आहेत, तुम्ही पाहताच. फुगडी घालणाऱ्या बाया, रिंगणात धावणारा माउलींचा अश्व, घाटाच्या वळणावरची गर्दी, हे फोटो मी वापरते. ते सगळ्यांचे आहे. पण समोरच्याचे भान सुटून रडणाऱ्या एका बाईचा चेहरा तिला न विचारता तिकीटविक्रीसाठी लावायचा, हे मला पटत नाही. ती कोणासमोर रडत होती? तिचा आणि तिच्या विठोबाचा तो खासगी मामला. चिटणीसांना मी एवढेच म्हटले, की तुमच्या आईचा असा फोटो कोणी लावला तर चालेल का. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मग नुसती वीणा ठेवू.” वीणा ठेवली.

तिसरी गोष्ट टाळाची. या मासिकाच्या वाचकांना ती सगळ्यांत आधी कळेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

अभंगाच्या मैफलीत गायकाच्या बाजूला संवादिनी, तबला, पखवाज आणि टाळ असतो. पत्रिकेत तबल्याचे आणि संवादिनीचे नाव हमखास येते. पखवाजाचे बहुधा येते. टाळवाल्याचे नाव जागेअभावी गळते, किंवा ‘इतर साथसंगत’ यात बुडते. आता आपल्याकडची रीत पाहा. तुकोबारायांचे चौदा टाळकरी आपली परंपरा नावाने सांगते. सुदुंबऱ्याला समाधी असलेले संताजी जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ आणि त्यांचे सोबती. वीणा तुकोबारायांच्या गळ्यात, अभंग तुकोबारायांचे, तरी मागे उभे राहून टाळ धरणाऱ्यांची नावे लोकांनी शतकांमागून शतके जपली. संताजींनी तर गाथा उतरवून ठेवली, हे तुम्ही जाणताच. मग आमच्या पत्रिकेत एका टाळकऱ्याला अर्धी ओळ मिळू नये?

यंदा त्यात एक चांगली भर पडली. कार्तिकीनंतर पुण्यात होणाऱ्या कार्यक्रमाच्या गायिकेने स्वतःहून सांगितले, की तिला रंगमंचावर एक टाळ नको. दिंडीतले चार खरे टाळकरी हवेत, आणि पखवाजावरही फडावर वाजवणारा हवा. पखवाजाचे लगेच जमले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून तयार झालेले मृदंगवादक आता गावोगाव आहेत, त्यांतला एक तरुण आनंदाने तयार झाला. टाळकऱ्यांसाठी मी आमच्या दिंडीच्या विणेकरी बुवांना गाठले.

बुवांबद्दल सांगायचे तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागेल. वाल्ह्याचा तळ होता. समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या होत्या, टाळमृदंगाने रान दणाणत होते. तुम्ही हा क्षण अनेकदा अनुभवला असेल, पण माझ्यासारखीला तो दरवेळी नवाच वाटतो. चोपदारांनी दंड वर केला आणि हजारो टाळ एका श्वासात थांबले. एक दिंडी मात्र थांबली नाही. तिची काही तक्रार होती, आणि तक्रार असली की टाळ वाजवीत राहायचे ही माउलींच्या सोहळ्यातली जुनी रीत. चोपदार तिथे गेले, म्हणणे ऐकून घेतले, मग तेही टाळ थांबले. त्यानंतर हरवले-सापडले पुकारले गेले. कोणाची पिशवी, कोणाचे पाकीट, कोणाची चुकलेली म्हातारी. उद्या पालखी किती वाजता निघेल ते सांगितले. मग आरती. एवढ्या मोठ्या सोहळ्याची रोजची सगळी जाहीर माहिती तेवढीच. कोण थोर, कोण किती वर्षे वारी करतो, कोणाची दिंडी मोठी, एक शब्द नाही.

त्या रात्री जेवणानंतर बुवांनी विचारले, “ताई, तुम्ही पुण्यात नेमके करता तरी काय?”

मी म्हटले, “कार्यक्रम असला की लोकांना कळवते. कोण गाणार, कुठे, किती वाजता.”

“म्हणजे चोपदाराचे काम.”

मी हसले. ते हसले नाहीत. “हसू नका. चोपदार काही गात नाही, वाजवत नाही. पण दंड वर झाल्याशिवाय कोणाचे कोणाला ऐकू येते का? आणि वाजवणारा थांबत नसेल तर त्याच्यापाशी जाऊन विचारावे लागते, बाबा, तुझे काय आहे.”

एवढे बोलून ते झोपायला गेले. पण तेव्हापासून मी मजकूर लिहिते तेव्हा तो प्रसंग बरोबर असतो. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, तो तुम्हाला ऐकून नवल वाटेल. कार्यक्रम संध्याकाळी सहाला असतो आणि ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’, ‘श्रोते भक्तिरसात न्हाऊन निघाले’ ही बातमी दुपारी चारलाच लिहून तयार असते, कारण वर्तमानपत्राला वेळेत हवी. श्रोते न्हाले की कोरडेच घरी गेले, हे कोणी पाहत नाही. माझ्या मजकुरात ती वाक्ये नसतात. काय झाले ते झाल्यावर कळवते, नाहीतर कोण, कुठे, कधी एवढेच. कधीकधी त्यामुळे बातमी आत जाते, दोन ओळींची होते. चालते.

खरे म्हणजे आपल्या संप्रदायात प्रसिद्धीचे काम कोणी केले असेल तर ते नामदेवरायांनी. पंढरीपासून पंजाबापर्यंत ते चालत गेले, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. माउलींच्या समाधीचा सोहळा आपल्याला डोळ्यांसमोर दिसतो तो नामदेवरायांच्या अभंगांतून. मित्राचे मोठेपण त्यांनी जगाला सांगितले. मंगळवेढ्याला वेस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली तीही नामदेवरायांनीच, असे परंपरा सांगते. आणि स्वतःसाठी जागा मागितली ती पायरीची. संतांचे पाय लागावेत म्हणून. दरवर्षी त्या पायरीपाशी गर्दीत उभी असताना मला माझ्या कपाटातले फलक आठवतात. तिथे उभे राहून धंद्याचा विचार करू नये खरे, पण येतो.

असो. बुवांकडे टाळकऱ्यांची गोष्ट काढली ती वैशाखात, त्यांच्या गावी जाऊन. ओसरीवर दोन-तीन मंडळी बसली होती. कार्यक्रम पुण्याला, कार्तिकीनंतरच्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, असे सगळे सांगितले. पत्रिकेत चौघांची नावे गायिकेच्या नावाखाली, गावांसह छापू, हेही सांगितले. नावाचे ऐकून त्यांतला एक गडी लाजला. मग मी मानधनाचे बोलले आणि ओसरी गप्प झाली.

“टाळ धरायचे पैसे घेत नसतो आपण,” बुवा म्हणाले.

हे मला अपेक्षित होते. हरिकथेचा मोबदला घेऊ नये ही तुकोबारायांची शिकवण बुवांच्या पिढीने हाडांत मुरवली आहे, आणि तिच्यापुढे मी काय बोलणार? पण दुसरी बाजूही मी पाहिलेली आहे. वारकऱ्यांना पैसे नकोत म्हटले की काही आयोजकांना फार आनंद होतो. तबलेवाल्याला पाकीट, संवादिनीवाल्याला पाकीट, निवेदकाला पाकीट, आणि दिवसाची मजुरी बुडवून शंभर-दीडशे किलोमीटर आलेल्या टाळकऱ्याला शाल-श्रीफळ. त्याच्या निःस्पृहतेचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत जमेला लागतो. हे मी बुवांना स्पष्ट बोलले. म्हटले, “बुवा, तुम्ही सोडलेले पैसे देवाला जात नाहीत. ते नाट्यगृहाच्या रोषणाईत जातात.”

बुवा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “येण्याजाण्याचा खर्च घेऊ. तो घ्यावाच. बाकीचे दिंडीच्या भिशीत जमा करता येतील का, की त्या रकमेची एखाद्या मुक्कामाची पंगत घालायची, ते एकट्याने ठरवायचे नाही. वारीत सगळे असतील, तेव्हा बैठकीत बोलू.” कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने तेवढ्यात विचारले, की पंगतीला गायिकाबाई येतील का वाढायला. तो प्रश्न मी गायिकेला कळवला आहे. ती आषाढीपर्यंत परदेशात आहे. पुढच्या वर्षी येते म्हणाली.

माउली, तुमच्यापैकी कोणाच्या दिंडीतला टाळकरी, मृदंगी असा रंगमंचावर जात असेल, तर त्याचे नाव पत्रिकेत आहे का ते पाहा. नसेल तर आयोजकांना फोन करा. भांडायचे काही कारण नाही; पत्रिका करणारा बहुधा घाईत असतो, सांगितले की घालतो. आणि मैफलीला गेलात तर मध्येच उठू नका. मुद्रेचा चरण शेवटी असतो, त्याच वेळी लोक पादत्राणे शोधायला निघतात.

माझे बाकीचे काम आता उरकत आले आहे. सतारीचा मजकूर गेला, दिवाळी पहाटेच्या दोन पत्रिका छपाईला गेल्या. अभंगाच्या कार्यक्रमाच्या कागदावर सोयराबाई, जनाबाई, नामदेवराय, तुकोबाराय यांची नावे लिहून झाली आहेत, गायिकेच्याच टायपात. त्याखाली पखवाजाचे नाव आहे. टाळापुढे चार रेघा कोऱ्या आहेत. आठ-दहा जण यायला तयार आहेत, पण तेव्हा गव्हाच्या पेरणीचे दिवस असतील. कोणाचे पाणी कधी सुटते त्यावर कोण मोकळा ते ठरणार. माहितीपत्रकवाल्यांचा रोज फोन येतो. त्यांना सांगितले आहे, चार नावे २४ जुलैच्या आत मिळतील. वाखरीच्या तळापर्यंत नक्की करतो, असे बुवांचे म्हणणे आहे.